घर कंपनीच्या नावावर केले, की ते दुकान होते

"फ्लॅट स्वतःच्या नावावर घेऊ नका. एलएलपी काढा आणि तिच्या नावावर घ्या." हा सल्ला यूट्यूबवरच्या पैशांच्या मास्तरांनी इतक्या वेळा दिला आहे की आता तो आपल्या बँकेतल्या, आयटीतल्या, एमपीएससीतून लागलेल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतो आहे. पहिले घर राहायला, दुसरे भाड्याने द्यायला, आणि ते दुसरे कंपनीच्या नावावर. अमेरिकेत म्हणे सगळे शहाणे लोक असेच करतात. तिथे तिला एलएलसी म्हणतात, आपल्याकडे एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड.

आपल्या घरांमध्ये दुसरा फ्लॅट घेण्याइतके पैसे उरणारी ही पहिलीच पिढी आहे. त्यामुळे या विषयावर नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. "चळवळीच्या माणसाने भाड्याच्या उत्पन्नावर काय बोलायचे" असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे स्वतःचे घर झालेले असते. तेव्हा बोलूच. माझे म्हणणे असे आहे की एकट्याच्या एका फ्लॅटसाठी हा सल्ला तोट्याचा आहे आणि दहा-वीस जणांनी मिळून अमलात आणला तर कामाचा आहे. पण या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट तिसरीच आहे. घरमालक कंपनी झाला, की "माझे घर, माझी मर्जी" हे वाक्य बोलण्याचा हक्क तो गमावतो. हा मुद्दा आपण अजून हातात घेतलेला नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. कंपनी ही कायद्याने जन्माला घातलेली व्यक्ती आहे. तिला पॅन असतो, बँक खाते असते, ती दावा लावू शकते आणि तिच्यावर दावा लागू शकतो. तिला आईबाप नसतात, गाव नसते, आडनाव नसते, जातीचा दाखला नसतो. संसदेने २००८ साली एलएलपीचा, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. किमान दोन भागीदार लागतात. साध्या भागीदारीत धंदा बुडाला तर देणेकरी भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत पोहोचतो. इथे तो एलएलपीच्या मालमत्तेपाशी थांबतो. भाड्याच्या घराचा सज्जा कोसळून कुणी जखमी झाले आणि भरपाईचा दावा लागला, तर एलएलपीचे घर जाईल, पण भागीदाराचा पीएफ, त्याचे राहते घर, त्याच्या बायकोचे दागिने जाणार नाहीत. अर्थात ज्या भागीदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सज्जा पडला तो सुटत नाही, आणि फसवणूक केली असेल तर ढालच निघून जाते. हे मास्तर लोक सांगत नाहीत.

ही ढाल आभाळातून पडलेली नाही, ती सरकारने दिलेली सवलत आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे दायित्व कधी मर्यादित नव्हते. सावकाराचे पन्नास रुपये आजा घ्यायचा आणि बाप त्याच घरात सालगडी म्हणून फेडत राहायचा. कर्ज हे माणसाला, त्याच्या पोराला आणि पोराच्या पोराला चिकटत असे. "माझ्या धंद्याचे देणे माझ्या अंगाला लागू नये" असे म्हणण्याची सोय ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांना कायद्याने मिळाली. म्हणून या सोयीबद्दल बोलताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ती आपल्याला कशी वापरता येईल, आणि ती देताना समाजाने बदल्यात काय मागितले?

आता हिशेब. पुण्यात साठ लाखांचा फ्लॅट तुमच्या नावावर आहे आणि तो तुम्ही एलएलपीच्या नावावर करू म्हणता. कायद्याच्या दृष्टीने एलएलपी ही वेगळी व्यक्ती, म्हणजे हे हस्तांतरण झाले. पुन्हा स्टॅम्प ड्युटी. शहरात ती सगळे अधिभार धरून सहा ते सात टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे साडेतीन ते सव्वाचार लाख रुपये, स्वतःचेच घर स्वतःच्याच कंपनीला देण्यासाठी. नवीन घर थेट एलएलपीच्या नावावर घेतले तर ही दुहेरी ड्युटी वाचते, पण महाराष्ट्रात महिलेच्या नावावर घर घेतल्यास मिळणारी एक टक्क्याची सूट जाते. मला विचाराल तर ही एक टक्क्याची सूट आपल्या घरातल्या बाईच्या नावावर घर करण्याचे चांगले निमित्त आहे, आणि ते निमित्त कंपनीसाठी घालवू नये.

पुढे आयकर. समजा भाडे महिना वीस हजार. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. घरभाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, उरतात एक लाख अडुसष्ट हजार. (घरपट्टीचा हिशेब सोपेपणासाठी सोडून देतो.) एलएलपीला पहिल्या रुपयापासून तीस टक्के कर आणि वर चार टक्के उपकर, म्हणजे ५२,४१६ रुपये. तेच उत्पन्न तुमच्या नावावर असेल आणि तुमचा पगार वीस टक्क्यांच्या टप्प्यात बसत असेल, तर २०२५-२६ च्या दरांनी कर होतो ३४,९४४. आणि भाडे धरूनही एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर नव्या करपद्धतीत शून्य. याशिवाय एलएलपीचे वार्षिक विवरण ३० मेपर्यंत, हिशेबाचे विवरण ३० ऑक्टोबरपर्यंत, आयकर विवरण वेगळे, सीएची फी वेगळी, आणि उशीर झाला तर दंड दिवसांवर चालतो.

"पण कंपनी काढली की घसारा, प्रवासखर्च, सगळे वजा करता येते" असे सांगितले जाते. राहत्या घरांच्या भाड्याबाबत ही वाट २०२४ च्या वित्त कायद्याने बंद केली. राहण्याचे घर मालकाने भाड्याने दिले, तर ते उत्पन्न घरभाडे म्हणूनच धरायचे, धंद्याचे म्हणून नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जुने व्हिडिओ अजून फिरत आहेत, कायदा बदलला आहे.

राहिली ढाल. बँकेचे कर्ज काढून एलएलपीने घर घेतले, तर बँक भागीदारांची वैयक्तिक हमी लिहून घेते. म्हणजे ज्या सर्वांत मोठ्या देण्यापासून तुम्हाला संरक्षण हवे होते, तिथेच ढालीला भोक. एका फ्लॅटच्या नोकरदार मालकाने एवढा खटाटोप करण्यापेक्षा नीट करार करावा, तो नोंदवावा, घराचा विमा काढावा आणि वर्षातून एकदा छताकडे मान वर करून बघावे.

मग ही सोय खरोखर वापरतो कोण? ज्यांच्याकडे मालमत्ता खूप आहे ते, आणि ज्यांना कागदावर स्वतः दिसायचे नाही ते. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या जमिनीचे प्रकरण गाजले ते आठवा. सुमारे चाळीस एकर महार वतनाची जमीन. व्यवहार तीनशे कोटींचा. सुमारे एकवीस कोटींच्या स्टॅम्प ड्युटीची माफी आणि पाचशे रुपयांवर झालेला दस्त, असे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. खरेदीदार कोण? एक एलएलपी. तिच्या भागीदारांत राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांचा मुलगा. गुन्हा नोंदला गेला तेव्हा त्यात सही करणाऱ्या छोट्या भागीदाराचे नाव आले आणि मोठ्या वाट्याच्या भागीदाराचे आले नाही. दस्तावर त्याची सही नव्हती, असे कारण सांगण्यात आले. कोर्टात काय ठरायचे ते ठरेल. आपण फक्त रचना पाहू. वतन गावकामगाराच्या अंगाला चिकटलेले होते. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली, जमिनी पुन्हा मिळाल्या त्या कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा अटीवर. म्हणजे जमिनीच्या एका टोकाला जातीचा शिक्का बसलेली शेकडो माणसे, नावानिशी, वारसानिशी. दुसऱ्या टोकाला जात नसलेली, चेहरा नसलेली एक एलएलपी. एकाच दस्तात हे दोघे समोरासमोर आले, की जोखीम कोणाच्या पदरात पडणार हे सांगायला वकील लागत नाही.

म्हणून काही मित्र म्हणतात की मग आपणही ही चेहरा नसण्याची सोय का वापरू नये? मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या पोराला पुण्यात, ठाण्यात घर शोधताना काय ऐकावे लागते? ब्रोकर आधी पूर्ण नाव विचारतो. नावावरून काही कळले नाही तर गाव, मग "खाण्यापिण्याचे कसे", मग मोबाईलवरचा फोटो निरखून पाहतो, आणि संध्याकाळी निरोप येतो की मालकाचा भाऊ अचानक गावाहून राहायला येतोय. या भावांची एकदा जनगणना झाली पाहिजे. प्रा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांवर पाहणी करून २०१५ मध्ये ती 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मांडली. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घर नाकारले जाते, किंवा जादा भाडे आणि जादा अटी लावून दिले जाते, हे त्यांनी दाखवले. आपल्याला त्यात नवे काही नव्हते, पण आता ते कागदावर आहे.

यावर नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या नावावर फ्लॅट घेते आणि कर्मचाऱ्याला ठेवते, ही पद्धत मोठ्या शहरांत जुनी आहे. करार कंपनीशी असतो, भाडे कंपनी देते, मालकाला आडनावाशी फारसे देणेघेणे उरत नाही. आपल्या एखाद्या एलएलपीनेही असेच करावे, असे सुचवले जाते. तात्पुरता उपाय म्हणून मी त्याला नाही म्हणणार नाही. रात्री आठ वाजता बॅग घेऊन स्टेशनवर उभ्या असलेल्या पोराला तत्त्वज्ञान नको, खोली हवी. पण नाव झाकून मिळालेले घर किती दिवस टिकते हे बाबासाहेबांनी १९१७ मध्ये बडोद्याला पाहिले आहे. परदेशातून शिकून आलेला माणूस, संस्थानाचा अधिकारी, आणि पारशी सरायीत पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. पुढे मुंबईत त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक थांबले आणि पेढी बंद करावी लागली. म्हणजे धंद्याच्या पाटीलाही आडनाव चिकटते. पाटी बदलून प्रश्न पुढे ढकलला जातो, एवढेच.

त्याच बाबासाहेबांच्या आयुष्यात दुसरेही एक भाड्याचे घर आहे. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्या. तिथे ते कितीतरी वर्षे राहिले, तिथून अभ्यास केला, तिथून चळवळ चालवली. त्या चाळीचा मालक कोण होता? बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे कायद्याने जन्माला घातलेली संस्था. तिला कुणाशी सोयरीक जुळवायची नव्हती. चाळींमध्ये जात नव्हती असा माझा दावा नाही. पण नियमाने बांधलेला मालक आणि मर्जीने वागणारा मालक यांत फरक पडतो, आणि तो फरक बाबासाहेबांनी स्वतः राहून अनुभवला.

इथे मूळ मुद्द्यावर येतो. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये म्हटले आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत अडवता येणार नाही. हे कलम सरकारपुरते नाही, खासगी माणसालाही बांधते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा सदस्यांनी विचारले, यात धोबी येतो का, न्हावी येतो का? बाबासाहेबांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. जो कोणी आपली सेवा लोकांसाठी खुली ठेवतो तो त्यात येतो. हे उत्तर धूळ खात पडले होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात ते बाहेर काढले आणि खासगी शिक्षणसंस्थाही या 'दुकाना'त येतात असे म्हटले.

आता हे एलएलपीला लावून पाहा. एखाद्या आजींनी आपल्या घरातली वरची खोली भाड्याने दिली, तर त्या म्हणू शकतात की हे माझे घर आहे, दुकान नाही. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, पण ते बोलायला त्यांना जागा आहे. एलएलपी ते बोलू शकत नाही. एलएलपीच्या कायद्यातच लिहिले आहे की ती नफ्यासाठी कायदेशीर व्यवसाय करण्याकरता स्थापन होते. नोंदणीच्या कागदावर तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलेले असते की घरे भाड्याने देणे हा माझा धंदा आहे. तिला स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, सोवळे नाही, "आमच्या घरात चालत नाही" म्हणायला घरच नाही. जे आहे ते दुकान आहे. आणि दुकानाच्या दारात आडनाव विचारता येत नाही.

हा माझा युक्तिवाद आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. समोरचा पक्ष २००५ चा झोरोस्ट्रियन हाउसिंग सोसायटीचा निकाल पुढे करील. त्यात सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम चालू ठेवू दिला. आपल्या सोसायट्यांतल्या अनेक सेक्रेटरींना हा निकाल न वाचता पाठ आहे. पण तो निकाल सभासदांच्या संघटन स्वातंत्र्यावर उभा आहे: आम्ही काही माणसे एकत्र येऊन स्वतः राहण्यासाठी सोसायटी काढतो, कोणाबरोबर राहायचे ते ठरवतो. भाड्यासाठी घरे घेणारी एलएलपी कोणाबरोबर राहत नाही. ती गिऱ्हाइकाला जागा विकते, महिन्याच्या हिशेबाने. दोन्हींना एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही.

हे आत्ताच का बोलायचे? कारण भाड्याची घरे झपाट्याने कंपन्यांच्या हातात जात आहेत. विद्यार्थ्यांची मोठी वसतिगृहे, आयटी पार्कजवळची को-लिव्हिंगची संकुले, बिल्डरने न विकता स्वतःकडे ठेवलेले मजले. आपली पोरे इथून पुढे वाढत्या प्रमाणात कंपनीचे भाडेकरू असतील. आणि आपला कायदा गप्प आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा एक कोटीवर भरणा भांडवल असलेली कंपनी भाडेकरू असेल तर तिला कायद्याचे संरक्षण नको, इतका बारीक विचार करतो. जात विचारून घर नाकारणाऱ्याचा विचार करत नाही. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही ती बंदी नाही. उलट अमेरिकेत, जिथून हे एलएलसीचे वेड आले, तिथे १९६८ पासून वंशाच्या कारणावरून घर नाकारायला कायद्याने बंदी आहे. आणि २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने नोकरी आणि घर यांत जातीवरून भेदभाव करायलाही बंदी घातली. म्हणजे आपला एखादा इंजिनिअर सिएटलमध्ये भाड्याचे घर शोधत असेल तर मालक माणूस असो की एलएलसी, जात काढून त्याला परत पाठवू शकत नाही. तोच पोरगा हिंजवडीत उतरला की पुन्हा मालकाचा भाऊ गावाहून येतो. यूट्यूबचे मास्तर अमेरिकेची एलएलसी सांगतात, तिच्या गळ्यातली ही साखळी सांगत नाहीत.

आता आपल्या स्वतःच्या एलएलपीबद्दल, कारण नुसती मागणी करून आजच्या पोराची सोय होत नाही. वीस नोकरदारांनी प्रत्येकी तीन लाख घातले तर साठ लाख होतात. सगळा खर्च धरून त्यात पुण्यात एक दोन बेडरूमचा जुना फ्लॅट येईल. त्यात स्पर्धा परीक्षेची चार पोरे, प्रत्येकी सहा हजार. वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. वर सांगितलेल्या पद्धतीने कर साधारण त्रेसष्ट हजार. उरले सव्वादोन लाख, म्हणजे गुंतवणुकीवर पावणेचार टक्के, आणि त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, रंगरंगोटी जाणार. बँकेच्या मुदत ठेवीत यापेक्षा जास्त मिळते. हे आकडे सगळ्यांसमोर पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहावेत. कोणी "दुप्पट करून देतो" म्हणत असेल तर उठून यावे. 'भीम' किंवा 'बोधी' नाव लावून महिन्याला दोन टक्के देणाऱ्या योजनांनी आपल्या वस्त्यांमधल्या रिटायर झालेल्या माणसांचे किती पैसे खाल्ले ते आपल्याला माहीत आहे. एलएलपी म्हणजे लोकांकडून ठेवी गोळा करण्याचा परवाना नव्हे. जो आत पैसे घालतो तो भागीदार म्हणून नोंदला गेला पाहिजे, त्याचा वाटा करारात लिहिलेला असला पाहिजे. हातपावतीवर एक रुपया देऊ नये.

एवढा कमी परतावा असताना हे का करायचे? कारण एका माणसाला जे जमत नाही, म्हणजे घरमालक होऊन चार पोरांना आडनाव न विचारता दार उघडणे, ते वीस माणसांना जमते. आणि एकाची नोकरी गेली, एकावर कर्जाचा दावा लागला, तरी बाकीच्यांचे घर आणि चार पोरांची खोली वाचते. मर्यादित दायित्वाचा खरा उपयोग हा आहे.

"यासाठी ट्रस्ट का नको?" असे विचारले जाईल. आपल्या समाजाला ट्रस्टची सवय आहे. दानातून वास्तू उभी राहते, पाच विश्वस्त नेमले जातात, आणि तीस वर्षांनी देणाऱ्यांना कोणी विचारत नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. मालकी कोणाची, निर्णय कोणाचा, विश्वस्त खरे कोण, यावर तेव्हा जो वाद झाला तो सगळ्यांनी पाहिला. बुद्धभूषण प्रेसची जागा गेल्यावर कागदपत्रे शोधण्यात काय अर्थ राहतो? धर्मादाय कामासाठी ट्रस्ट हवाच, त्याला पर्याय नाही. पण जिथे लोकांनी कष्टाचा पैसा गुंतवला आहे आणि परतावा अपेक्षित आहे, तिथे प्रत्येकाला वही उघडून पाहायचा हक्क असलेली रचना हवी. एलएलपीत तो हक्क भागीदाराला असतो. शिवाय भागीदारांची नावे, वार्षिक विवरण आणि हिशेबाचे विवरण फी भरून कोणीही पाहू शकतो. भांडवल पंचवीस लाखांवर गेले की ऑडिट सक्तीचे. आपल्या लोकांनी ऑडिटला घाबरू नये, ऑडिट टाळणाऱ्याला घाबरावे. मुंढव्याच्या प्रकरणात ज्या रचनेने लोक लपले असे आपण म्हणतो, त्याच रचनेच्या नोंदी उघड असल्यामुळे भागीदार कोण ते पत्रकारांना शोधता आले, हेही विसरू नये.

फक्त भागीदारांमधला करार या उघड कागदांच्या यादीत नाही. म्हणून तो आपण होऊन लोकांसमोर ठेवावा, आणि त्यात एक कलम घालावे: घर देताना अर्जदाराची जात, पोटजात, धर्म, आहार विचारला जाणार नाही, अर्ज आला त्या क्रमाने आणि भाडे देण्याची ऐपत पाहून निर्णय होईल, नकार दिला तर लेखी कारण दिले जाईल. पोटजात हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. आणि हे घर फक्त "आपल्या" पोरांसाठी राखीव ठेवायचे का, यावर भांडण होईल. माझे मत नाही असे आहे. जो नियम आपण त्यांच्या दुकानाला लावू म्हणतो तो आपल्या दुकानाला आधी लागला पाहिजे. घर न मिळालेला मुस्लिम मुलगा, एकटी राहणारी पारधी मुलगी, ईशान्येकडून आलेला विद्यार्थी यांच्यासाठी दार तेवढेच उघडे हवे.

आमदारांकडे जाताना मोठे निवेदन नेऊ नका, ते वाचत नाहीत. भाडे नियंत्रण कायद्यात घालायचे एकच कलम टाईप करून न्या: "भाड्याने घरे देणे हा ज्या कंपनीचा, मर्यादित दायित्व भागीदारीचा किंवा संस्थेचा व्यवसाय आहे, तिने किंवा तिच्या वतीने काम करणाऱ्या दलालाने जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून घर नाकारणे, जादा भाडे किंवा अनामत मागणे हा अपराध राहील." एकट्या घरमालकाचा प्रश्न यात सुटत नाही हे मला दिसते. पण कंपनीपासून सुरुवात केली तर "आमच्या खासगी आयुष्यात सरकार नको" हा आरडाओरडा करायला समोर माणूसच उरत नाही. वकील मित्रांनी यातला 'व्यवसाय' हा शब्द आधी तपासावा. एकच कुटुंब पाच फ्लॅट पाच एलएलपींच्या नावावर ठेवून "आमचा धंदा नाही, एकच घर आहे" असे म्हणू शकते. पळवाट निघेल ती इथूनच, तेव्हा व्याख्येत एकाच भागीदारांच्या सगळ्या एलएलपी एकत्र मोजण्याची तरतूद हवी. मसुदा कोणी सुधारून पाठवला तर इथेच छापीन.

जय भीम.